थुंकीचा सौदा

एका प्राध्यापकानं माझ्या मायला फसवलं. तो शहरातला, शिकलेला, हळू आवाजात बोलणारा. ती बुलढाण्याकडच्या धाडजवळच्या आमच्या गावातली, शाळेची पायरी न चढलेली, वांगी आणि मेथी विकून दोन मुलगे वाढवणारी. सौदा मी जमवला होता, म्हणून त्याची टोचणी तिच्यापेक्षा मला जास्त आहे.

मी बैलांचा व्यापारी. लोकांची गुरं राखत होतो, तिथून स्वतःची दावण भरेपर्यंत पोचलो. धाड, बीबी, मेहकर, पलीकडे जालन्याच्या अंगाचे बाजार पायाखाली घातले. आता ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, तरी जोडी घ्यायची म्हटली की लोक अजून मला विचारतात. या धंद्यात मला लबाड म्हणणारे पुष्कळ भेटले, भांडकुदळ म्हणणारे त्याहून जास्त. ठरलेला सौदा मोडला, असं म्हणणारा मात्र भेटलेला नाही. त्यामुळे दुसऱ्यानं मोडला की माझं डोकं फिरतं, आणि ते लवकर जागेवर येत नाही.

माझी माय काळी आहे. सावळी म्हणून वेळ मारून नेता येणार नाही, काळीच. तरुणपणी तिचे केस इतके कुरळे होते की लाकडी फणीचे दात मोडायचे. गावात तिला हबशीण म्हणत. पाठीमागं नाही, तोंडावर. तिच्या माहेरचे मूळचे इथले नव्हेत, कुठल्याशा नवाबाच्या फौजेतला हबशी मागं राहिला आणि त्याचं रक्त त्यांच्यात आलं, अशी एक गोष्ट होती. ती कोणी रचली माहीत नाही, पण सांगणारा प्रत्येक जण तीत आपली भर घालायचा.

त्यात माझा थोरला भाऊ गोरा निघाला. डोळे घारे. बाप आमचा मातीच्या रंगाचा, ना इकडचा ना तिकडचा. मी मायवर गेलो. काळी बाई, मातीच्या रंगाचा नवरा आणि कडेवर घाऱ्या डोळ्यांचं लेकरू. गावाला आणखी काय पाहिजे होतं? बाप जिवंत होता तोवर लोक दबून बोलत. तो वारला आणि भाजीची पाटी घेऊन बसलेल्या मायसमोर बायका भाव करता करता विचारू लागल्या, "काय वं, मोठ्याचं बियाणं कोन्या दुकानातून आणलं?" माय वजन करायची आणि माप द्यायची. उत्तर द्यायची नाही.

आमच्या शाळेत एकाच खोलीत तीन वर्ग बसत. भूगोलाच्या तासाला मास्तरांनी जगातले वंश शिकवले. गोरा वंश, पिवळा वंश, काळा वंश. पुस्तकातली चित्रं पुसट होती, म्हणून त्यांनी आम्हा दोघा भावांना पुढे बोलावलं, फळ्याच्या दोन बाजूंना उभं केलं आणि छडीनं दाखवलं, हा या वंशाचा नमुना, हा त्या वंशाचा. वर्ग हसला. मास्तर वाईट माणूस नव्हता. त्याला ते खरंच वाटत होतं. घरी येऊन आम्ही मायला सांगितलं, तेव्हा ती भाकरी थापत होती. म्हणाली, "दोघाईची नाळ याच घरात, एकाच सुईणीनं कापली. मास्तरले म्हणा, येऊन पाहून जाय."

हे सगळं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचा सौदा कळायचा नाही.

काही वर्षांपूर्वी हरभरा निघाल्यावर गावात एक गाडी आली. प्राध्यापक, त्यांच्याबरोबर संशोधन करणारी एक तरुण बाई, आणि नळ्यांनी भरलेले डबे. माणसं कुठून आली, कशी पसरली, एकमेकांत किती मिसळली याचा ते अभ्यास करत होते. त्यासाठी प्रत्येकाची थोडी थुंकी लागत होती. शाळेच्या ओसरीवर त्यांनी टेबल मांडलं आणि दिवसभर बसून राहिले. कोणी फिरकलं नाही. काही जण म्हणाले, थुंकीवर करणी होते. काही म्हणाले, किडनीवाले असतील. टीव्ही पाहणाऱ्यांनी सांगितलं की ही बापाची टेस्ट आहे, थुंकीतून बाप निघतो. हे ऐकल्यावर तर लोक त्या ओसरीवरून जायचंच टाळू लागले.

संध्याकाळी सरपंच त्यांना माझ्या घरी घेऊन आला. "लोक याचं ऐकतात," तो प्राध्यापकांना म्हणाला. "म्हाताऱ्या बैलाले खोंड म्हणून विकते हा. तुमचं काम हा करून देईन."

चहा झाला. प्राध्यापक बोलायला चांगला होता, ते मी आजही नाकारत नाही. मी त्याला मास्तरांची आणि फळ्याची गोष्ट सांगितली. त्यानं मान हलवली. म्हणाला, "तुमच्या मास्तरांनी शिकवलं ते तेव्हाच्या पुस्तकात होतं. ती वाटणी वरवरची होती. रंग, नाक, केस एवढं पाहून केलेली. आत पाहिलं तर तसे कप्पे सापडत नाहीत. एकाच गावातल्या दोन माणसांत जितका फरक निघतो, त्या मानानं या गटाच्या आणि त्या गटाच्या सरासरीतला फरक फार थोडा असतो."

मी व्यापारी माणूस. ऐकलं आणि मान्य केलं, असं माझ्याकडून होत नाही. म्हणालो, "साहेब, मी खिलार लांबून ओळखतो. गावरानही ओळखतो. जनावरात जात आहे, तर माणसात का नसावी?"

"खिलार खिलार कशामुळे राहिला?"

"वळू राखतो म्हणून. कोणती गाय कोणाला दाखवायची ते मालक ठरवतो."

"बरोबर. माणसांवर असा मालक कोणी नव्हता. माणसं चालत राहिली, भेटत राहिली, मिसळत राहिली."

"नव्हता कसा? आमच्याकडं जातीबाहेर लग्न करून पाहा. मालक एक नाही, अख्खा गाव आहे."

तो हसला. त्याच्याबरोबरची बाई माझ्याकडे पाहू लागली. तो म्हणाला, "ते खरं आहे. ते लग्नाचं कुंपण आम्हाला थुंकीतही दिसतं. पण कुंपण पडायच्या आधी फार मोठा काळ इथले सगळे एकमेकांत मिसळले होते. आज जो आपल्याला सगळ्यांहून वेगळा समजतो, त्याच्यातही तेच जुने वाटे आहेत. कोणात एक जास्त, कोणात दुसरा. शुद्ध असा कोणीच नाही."

माझी माय दाराच्या आत बसून ऐकत होती. तिनं मध्येच विचारलं, "साहेब, मंग एकाच मायच्या पोटी एक काया अन् एक गोरा कसा होते?"

त्यानं तिच्याकडे वळून नीट सांगितलं. रंग एकाच गोष्टीनं ठरत नाही. बारीक बारीक पुष्कळ धागे असतात, थोडे आईकडून येतात, थोडे वडिलांकडून. दोघांकडेही उजळ आणि गडद असे दोन्ही धागे असतात, वरून दिसत नसले तरी. कोणत्या लेकराच्या वाट्याला कोणते येतील हे कोणाच्या हातात नसतं. एकाला उजळ जास्त आले, दुसऱ्याला गडद. डोळ्यांचंही तसंच. आणि काळा रंग म्हणजे परका माणूस असं काही नसतं. जिथं ऊन कडक तिथं पिढ्यान् पिढ्या तो उपयोगी पडला, म्हणून टिकला. तो म्हणाला, "आजी, यात नवल काहीच नाही. अशी घरं मी पुष्कळ पाहिली."

मला वाटलं, ती रडेल. ती म्हणाली, "हे मले काय सांगता? मले माहीत आहे. मी तिथंच होती."

प्राध्यापकाबरोबरची बाई इतकी हसली की तिच्या हातातला कप डचमळला. प्राध्यापकही हसला. माय हसली नाही.

"मले थुंकी मांगता ना," ती म्हणाली, "देतो. पण हे जे आत्ता सांगतलं, ते पारावर सांगायचं. सगळ्या गावासमोर. ह्या घरात सांगून मले काय फायदा?"

आमचा पार म्हणजे मारुतीपुढचा लिंबाखालचा ओटा. गावातली प्रत्येक बेअब्रू तिथं होते आणि झाली तर भरपाईही तिथंच होते. मला तिचं म्हणणं कळलं. तिला पुरावा नको होता. ज्या जागी ते बोलणं इतकी वर्षं फिरलं, त्याच जागी मोठ्या माणसाच्या तोंडून ते थांबायला हवं होतं.

प्राध्यापक म्हणाला, "आत्ता काम अर्धवट आहे, आत्ता बोलणं बरोबर नाही. पण काम संपलं की आम्ही परत येऊ. गावाला सगळं समजावून सांगू."

मी म्हणालो, "पक्कं करून घेऊ." मी खांद्यावरचा रुमाल काढला.

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात आणि खाली बोटं धरून बोलतात, म्हणजे बघ्यांना कळत नाही. त्यानं हे कुठंतरी वाचलं होतं. फार खूश झाला. "दाखवा, दाखवा," म्हणत हात पुढे केला. मी रुमाल टाकला आणि त्याची पाची बोटं धरली. म्हणालो, "ही आमची अख्खी आळी. उद्या तुमच्या ओसरीवर." त्यानं दाबून होकार दिला. मग मी त्याचं एकच बोट धरलं. "हे पारावरचं बोलणं. तुम्ही स्वतः." त्यानं पुन्हा दाबलं. बाईनं मोबाईलवर फोटो काढला.

आमच्यात समोरच्यानं बोट दाबलं की सौदा झाला. मग बैल लंगडा निघो की घेणारा मरो, सौदा उभा राहतो. त्याच्यासाठी तो एक गमतीचा फोटो होता. हे मला पुढं कळलं. त्या संध्याकाळी मी निवांत जेवलो.

दुसऱ्या दिवशी माय सगळ्यात आधी गेली. डोक्यावर पदर घेऊन खुर्चीवर बसली आणि नळी तोंडाशी धरली. म्हातारपणी तोंड कोरडं पडतं, तिला वेळ लागला. ती बाई तिच्याशेजारी थांबून राहिली. मायनंतर माझा भाऊ, मग मी. हबशीणच बसली म्हटल्यावर आळी आली, आळीमागून बाकीचा गाव आला. डबे भरले. जाताना प्राध्यापक मायच्या पाया पडला.

मग वाट पाहणं आलं. पहिल्या पावसाळ्यात मी कोणाला काही बोललो नाही. असल्या कामाला वेळ लागत असेल. माय मात्र रस्त्यावर मोठी गाडी वाजली की विचारायची, "आला का तो?" नंतर गाव विचारू लागला, आणि गावाच्या विचारण्यात तीच टीव्हीची टेस्ट होती. थुंकी दिली, दोन्ही भावांनी दिली, म्हातारीनं दिली. मग रिझल्ट कुठं आहे?

एकदा पारावर आमच्या शेजारच्या म्हाताऱ्यानं मला अडवलं. माणूस बापाच्या वयाचा. म्हणाला, "काय शेठ, प्रोफेसर आला नाही वाटते?"

"येईन तो."

"काऊन येईन बे? चांगलं निघालं असतं तं पेढे घेऊन आला असता. निघालं असंन काहीतरी. लाजंकाजं नाही आला बिचारा."

पारावर बसलेले हसले. मी त्याची काठी काढून घेतली आणि लिंबाच्या पलीकडं फेकली. म्हाताऱ्यावर हात टाकला नाही, एवढंच. मग मी पारावर उभा राहून सगळं स्वतःच सांगितलं. ती बापाची टेस्ट नव्हती. रंगाचे धागे कसे येतात. काळं माणूस परकं नसतं. कुंपण कधी पडलं. मी चांगलं सांगितलं. बाजारात इतकं चांगलं बोललो असतो तर आंधळा बैल विकला असता.

म्हातारा काठी उचलून घेऊन आला आणि शांतपणे म्हणाला, "तुह्यं बोलणं ऐकून मी एकदा जोडी घेतली होती."

मी पारावरून उतरलो. ज्या जिभेवर मी घर बांधलं, ती माझ्याच मायच्या कामाची नव्हती. व्यापाऱ्यानं आपल्या मालाबद्दल काय सांगावं, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

मी फोन लावायला लागलो. प्राध्यापक सुरुवातीला उचलायचे. "हो हो, नक्की येऊ. जरा कामं आहेत." मग उचलेनासे झाले. त्या बाईनं मात्र एकदा उचलला. ती संकोचली होती. म्हणाली, "काका, नळ्यांवर नावं नसतात, आकडे असतात. एकेकाचा निकाल द्यायचा नाही, असा आमचा नियम आहे. आणि तो बरोबर आहे, नाहीतर लोकांची खासगी गोष्ट बाहेर जाईल."

"मी निकाल मागितला का? निकाल तुमच्या फ्रीजमध्ये ठेवा. मी बोलणं मागितलं. जे माझ्या घरात चहा पिता पिता सांगितलं तेच, पाराच्या ओट्यावर. त्याला कोणता नियम आडवा येतो?"

ती म्हणाली, काम छापून झालंय. तुमच्या भागातल्या सगळ्या जातींचे ठिपके, एका माणसाचा एक, चित्रात एकमेकांवर पडले आहेत, वेगळा ढीग कोणाचाच नाही. इंग्रजीत आहे, पाठवू का? मी म्हणालो, "ताई, आमच्या पारावर इंग्रजी कोणाला येतं?" ती आता नोकरीसाठी दुसरीकडे गेली होती. तिच्यावर माझा राग नाही. बोट तिनं दाबलं नव्हतं.

शेवटी एकदा दुसऱ्याच्या फोनवरून लावला आणि प्राध्यापक सापडले. मी सौद्याची आठवण दिली. त्यांना रुमाल आठवत होता. म्हणाले, "अहो, तो फोटो मी व्याख्यानात दाखवतो. लोकांना फार आवडतो." मी विचारलं, व्याख्यान कुठं असतं? म्हणाले, बाहेर, परदेशातही. वंश ही कल्पना विज्ञानात कशी टिकत नाही, यावर बोलतात. मी म्हणालो, तेच आमच्याकडं येऊन बोला. ते म्हणाले, "इच्छा आहे हो. पण गावोगाव जाऊन सांगत बसणं या प्रकल्पात बसत नव्हतं." मी फोनवर जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यांनी तो नंबरही बंद केला.

इथपर्यंत मी हे गिळलं असतं. बाजारात माणूस फसतो, दुसऱ्या बाजाराला शहाणा होतो. पण यंदा उन्हाळ्यात एका दुपारी माझा भाऊ गोठ्यात आला. केस पांढरे झालेले, नातवंडांचा आजा. लहानपणापासून त्यानं ही टिंगल अंगावर घेतली आणि कधी तोंडातून चकार शब्द काढला नाही. पार तर त्यानं केव्हाच सोडला होता. बराच वेळ बैलाच्या पाठीवर हात फिरवत उभा राहिला. मग म्हणाला, "बुलढाण्याले ती टेस्ट होते म्हणतात. दोघाईनं करून पाहावं का? गुपचूप."

"कायची टेस्ट, दादा?"

"तुले माहीत आहे."

"तुले शंका आहे?"

तो म्हणाला, "मले नाही. पण एवढे लोक म्हणतात, अन् तो मानूसही आला नाही."

मी हातातली वेसण खाली टाकली. त्याला मारावं असं वाटलं, आणि त्याच वेळी त्याचा हात धरून बसावं असंही वाटलं. दोन्हीतलं काही केलं नाही. "घरी जा, दादा," एवढंच म्हणालो. गोठ्याची आणि मायच्या खोलीची भिंत एक आहे, वर पत्र्यापर्यंत ती पोचलेली नाही. तिनं ऐकलं होतं. संध्याकाळी भाऊ नेहमीप्रमाणे तिला पाणी द्यायला आला तेव्हा तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, घाऱ्या डोळ्यांकडे, फार वेळ. पाणी घेतलं. त्या दिवसापासून ती प्राध्यापक आला का, हे विचारत नाही.

गावानं बोलावं, हे तिनं जन्मभर सोसलं. पोटच्या पोराच्या मनात ते शिरलं, हे नवं आहे, आणि ते त्या नळ्यांनी शिरवलं. नळ्या आल्या नसत्या तर जुनी टिंगल जुनी होऊन म्हातारपणी मेली असती. साहेब, तुम्ही ती पुन्हा उकरलीत, वर विज्ञानाचा शिक्का असल्यासारखी करून ठेवलीत आणि निघून गेलात.

प्राध्यापक साहेब, तुमचं विज्ञान खोटं आहे असं मी म्हणत नाही. मला ते पटलं आहे, तुमच्यापेक्षा जास्त पटलं आहे, कारण मी त्याच्या दोन्ही टोकांना, फळ्यापाशी आणि नळीपाशी, उभा राहिलो आहे. पण ते तुम्ही जिथून उचललंत तिथं सांगितलं नाहीत. ज्यांना ते आधीच मान्य आहे, त्यांना सांगत फिरलात. माझी माय आता अंथरुणावरून फारशी उठत नाही, पण तिला ऐकू नीट येतं, आणि पार तिच्या खिडकीपासून हाकेच्या अंतरावर आहे. तुम्हाला जमत नसेल तर ज्यांनी तुम्हाला पाठवलं त्यांनी दुसऱ्या कोणाला पाठवावं. पण माझ्या भावानं आपल्या मायबद्दल तो प्रश्न विचारला, त्याला जबाबदार कोण, हे मला मराठीत, गावासमोर, ती असेपर्यंत सांगा.